निळा जांभळा, भगवा मळका आणि फोटो फुटलेला: छपाईत रंग बिघडला तर आधी कुठे बघायचं

गणपतीच्या आधी महिनाभर माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "दादा, स्क्रीनवर मस्त निळा होता, छापून जांभळा आला." तिच्या पाठोपाठ "भगवा मळलाय", आणि मग "फोटो मोबाईलवर चकचकीत दिसतो, अहवालात फुटला." मी पुण्यात पेठेत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, दवाखान्याची लेटरहेडं असं सगळं, बहुतेक कोरलड्रॉवर आणि फोटोंपुरतं फोटोशॉपवर. तक्रारी दरवर्षी त्याच असतात आणि त्यांची कारणंही तीच पाच-सहा असतात, म्हणून एकदा बसून लिहून काढतोय.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. एका मंडळाच्या अहवालाचं कव्हर होतं. १७० जीएसएम वजनाचा गुळगुळीत आर्ट पेपर, मॅट लॅमिनेशन, दीड हजार प्रती. पार्श्वभूमीला गडद निळा, मध्ये बाप्पा. गठ्ठे आले तेव्हा निळ्याच्या जागी वांग्याचा रंग. मी तावातावाने प्रेसवर गेलो आणि मशीनमनला म्हणालो, "मॅजेंटा जास्त सोडलास." मॅजेंटा म्हणजे गर्द गुलाबी शाई. मशीनमन काही बोलला नाही. खिशातलं भिंग काढून कव्हरवर ठेवलं आणि मला वाकून बघायला लावलं. निळ्यात मॅजेंटाचे ठिपके एवढे दाट होते की मधे कागद दिसेना. मग त्याने त्याच शीटवरचा एक चेहरा दाखवला. चेहऱ्याचा रंग एकदम व्यवस्थित. "मी मॅजेंटा जास्त सोडला असता तर हे काका टोमॅटोसारखे झाले असते. तुमच्या प्लेटवरच एवढा मॅजेंटा आहे, मी काय करू?"

प्लेट म्हणजे प्रत्येक शाईचा वेगळा पत्रा, तो आपल्या फाइलवरून निघतो. घरी येऊन पीडीएफ उघडली. छपाईच्या शाया चार: सायन (आकाशी), मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक, प्रत्येकीचा आकडा टक्क्यांत. त्या निळ्याचे आकडे होते सायन ८८, मॅजेंटा ७७, यलो शून्य, ब्लॅक शून्य. झालं असं होतं, की कार्यकर्त्याने मोबाईलवर केलेल्या डिझाइनमधला निळा मी ड्रॉपरने उचलला होता. तो होता आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या हिशोबातला शुद्ध निळा, ०, ०, २५५. पीडीएफ करताना सॉफ्टवेअरने त्याचं जमेल तसं सीएमवायके, म्हणजे या चार शायांचं मिश्रण केलं, आणि मी स्क्रीनवर बघून खूश.

त्या दिवसापासून रंग बिघडला की मी मॉनिटरकडे बघत नाही, आकडे बघतो. आणि कुणाला फोन करायच्या आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला ते ठरवतो.

आधी टप्पा पकडा

रंग चार ठिकाणी बदलू शकतो: तुमच्या फाइलमध्ये, पीडीएफ करताना, प्लेट निघताना, आणि कागदावर शाई बसताना. मशीनमनने मला त्या दिवशी जी युक्ती दाखवली ती अजूनही सगळ्यात जलद आहे. छापलेल्या शीटवर सगळंच एका बाजूला झुकलंय का, हे बघा. चेहरे लाल, राखाडी पट्टी गुलाबी, पांढरं कापड गुलाबी, असं सगळं मिळून असेल तर शाईचा तोल गेलाय, प्रेसशी बोला. बाकी सगळं बरोबर आणि एकच वस्तू बिघडली असेल, म्हणजे फक्त पार्श्वभूमी किंवा फक्त लोगो, तर चूक जवळजवळ नेहमी फाइलमध्ये सापडते. आपल्याच.

दुसरी चाचणी पीडीएफची. अ‍ॅक्रोबॅट प्रो असेल तर प्रिंट प्रॉडक्शनमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडा. कर्सर ज्या जागेवर न्याल तिथले चारही शाईंचे टक्के समोर दिसतात, आणि एकेक प्लेट बंद-चालू करता येते. कोरलमधले आकडे आणि इथले आकडे सारखे असतील तर एक्सपोर्ट निर्दोष. वेगळे असतील तर गुन्हेगार सापडला, पुढे जायची गरजच नाही. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. ज्यांच्याकडे प्रो नाही त्यांनी तीच पीडीएफ परत कोरलमध्ये इम्पोर्ट करून एखाद्या सपाट रंगाच्या चौकोनाचे आकडे बघावेत. इम्पोर्टमध्येही रंग बदलू शकतो, त्यामुळे हा उपाय तितका पक्का नाही, पण मोठी चूक तरी पकडली जाते.

निळ्याचं औषध

सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की निळा जांभळ्याकडे घसरतो. छपाईच्या शाया पुस्तकातल्या आकृतीइतक्या शुद्ध नसतात. कागदावर सायन १०० आणि मॅजेंटा १०० एकत्र टाकले तर निळा नव्हे, सरळ जांभळटच येतो. म्हणून मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवायचा. माझा नेहमीचा रॉयल ब्लू सायन १००, मॅजेंटा ६०, बाकी शून्य. नेव्ही हवा असेल तर मॅजेंटा वाढवायचा मोह होतो, तो टाळा. गडदपणा ब्लॅकने आणा: सायन १००, मॅजेंटा ६५, ब्लॅक ४० च्या आसपास.

हे आकडे टाकल्यावर स्क्रीनवर रंग जरा मंद दिसेल. दिसू द्या. स्क्रीन उजेड फेकते, कागद उजेड परत पाठवतो. स्क्रीनवरचा झगमगता निळा आणि पोपटी हिरवा चार शायांत नाहीच, आणि सॉफ्टवेअर कितीही महाग घेतलं तरी तो येणार नाही. ग्राहकाला हे आधी सांगितलं की तो ऐकतो. छापून झाल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

मंद दिसणारा खरा रंग आधीच बघायचा असेल तर कोरलमध्ये व्ह्यू मेन्यूत प्रूफ कलर्स आहे, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही त्याच नावाने आहे. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की चित्र एकदम उदास होतं. ते उदास चित्र तुमच्या छापील प्रतीच्या जास्त जवळचं आहे.

भगवा

भगव्याचा त्रास निळ्याच्या उलट. निळ्यात मॅजेंटा जास्त झाल्याने बिघडतं, भगव्यात सायनचा थेंबही चालत नाही. आरजीबीतून बदललेल्या केशरीत बरेचदा चार-सहा टक्के सायन, क्वचित थोडा ब्लॅकही चोरपावलाने येतो. स्क्रीनवर कळत नाही, कागदावर मात्र पताका पावसात भिजून सुकल्यासारखी दिसते. म्हणून भगवा नेहमी हाताने आकडे टाकून बनवा. सायन शून्य, ब्लॅक शून्य, यलो १००, मॅजेंटा ५५ ते ७०. पन्नासच्या खाली गेलात तर आंबा होतो, पंच्याहत्तरच्या वर गेलात तर कुंकवाकडे झुकतो. मी ६२ वर थांबतो. ही माझी आवड, नियम नाही.

ग्राहकाला अगदी पेटता भगवाच हवा असेल आणि पैसे असतील तर पाचवी प्लेट काढून पॅन्टोन या रंगकंपनीची ऑरेंज ०२१ सारखी स्पॉट शाई, म्हणजे चार शायांच्या मिश्रणाऐवजी तयार मिळणारा एकच रंग वापरता येतो. पण एक गंमत लक्षात ठेवा. २०२२च्या नोव्हेंबरपासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनच्या रंगांची बरीचशी पुस्तकं निघून गेली. त्यासाठी वेगळी वर्गणी लागते, आणि ती नसेल तर फोटोशॉपच्या जुन्या फाइलमधले पॅन्टोन रंग काळे दिसू शकतात. जुना लोगो उघडल्यावर काळा ठिक्कर दिसला तर घाबरू नका, आणि तसाच छापायलाही पाठवू नका.

काळा: तीन वेगळे रोग, नाव एकच

पहिला रोग. बारीक मजकुराच्या कडेला लाल-निळी सावली दिसते, डोळे दुखतात. भिंगातून बघितलं तर अक्षर चारही रंगांत छापलेलं असतं. वर्डमधून किंवा मेलमधून चिकटवलेला मजकूर आरजीबी काळ्यात येतो. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगने तो बदलला तर सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९० असा होतो. बेरीज करा, बरोबर ३०० टक्के. आठ पॉइंटच्या अक्षरावर चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी वेलांटी कुठे आणि मात्रा कुठे. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतं, कारण आपल्या अक्षरांना डोक्यावर, पोटात, पायाशी सगळीकडे बारीक काम असतं. मजकूर फक्त ब्लॅक १००, बाकी तिन्ही शून्य. कोरलमध्ये टूल्सखालच्या कलर मॅनेजमेंटमध्ये 'प्रिझर्व्ह प्युअर ब्लॅक' आणि 'मॅप ग्रे टू सीएमवायके ब्लॅक' अशी दोन खुणेची घरं आहेत. दोन्हींवर बरोबरची खूण करून विसरून जा.

दुसरा रोग उलटा. मोठी काळी पार्श्वभूमी राखाडी, पातळ, पाटी नीट न पुसल्यासारखी दिसते. तिथे एकटा ब्लॅक पुरत नाही. खाली आधाराला सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३० द्या. ब्लॅक १०० धरून बेरीज २०० होते, कागद झेलतो. पॅलेटमधला रजिस्ट्रेशन नावाचा काळा मात्र कधीच घेऊ नका. तो चारही प्लेटांवर १०० टक्के जातो, म्हणजे ४००. तो कटिंगच्या खुणांसाठी असतो. असं पान वाळत नाही, गठ्ठ्यात वरच्या पानाच्या पाठीला लागतं. बहुतेक ऑफसेट प्रेस आर्ट पेपरवर तीनशेच्या आसपास हद्द सांगतात, वर्तमानपत्री कागदावर ती २४० पर्यंत खाली येते.

तिसरा रोग दुर्मीळ, पण झाला की झोप उडवतो. पांढरा मजकूर गायब. स्क्रीनवर आहे, ऑफिसच्या प्रिंटरवर आहे, प्लेटवर नाही. कारण असं, की तो मजकूर पूर्वी काळा होता आणि कुणीतरी त्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापायचं, असं लावलं होतं. नंतर त्याचा रंग पांढरा केला, पण ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली. पांढरी शाई नसते, म्हणून 'पांढऱ्याचं ओव्हरप्रिंट' म्हणजे काहीच न छापणं. जुन्या फाइलवर नवीन काम करणाऱ्यांना हे हमखास होतं. कोरलच्या व्ह्यू मेन्यूत सिम्युलेट ओव्हरप्रिंट्स चालू करून एकदा सगळी पानं नजरेखालून घाला. अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्येही ते लगेच दिसतं.

लोगोच्या मागचा चौकोन

ही तक्रार मला स्वतःला सगळ्यात आवडते, कारण बिचारा डिझायनर खरंच निरपराध वाटतो. निळ्या पार्श्वभूमीवर प्रायोजकाचा लोगो ठेवलाय, लोगोच्या मागेही तोच निळा, स्क्रीनवर एकजीव. छापून आला तर लोगोभोवती स्पष्ट चौकोन, शर्टाला ठिगळ लावल्यासारखा.

लोगो पीएनजी होता. पीएनजी या फॉरमॅटमध्ये सीएमवायके असूच शकत नाही, रंगीत असेल तर तो आरजीबीच असतो. म्हणजे पार्श्वभूमीचा निळा तुम्ही हाताने १००-६० टाकला, आणि चित्रातला निळा सॉफ्टवेअरने स्वतःच्या हिशोबाने वेगळ्याच आकड्यांत बसवला. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसले, प्लेटवर दोन वेगळे रंग झाले. यावर उपाय दोनच आहेत. एक, लोगो मागून कापून पारदर्शक करा म्हणजे निळा एकच उरेल. दुसरा, लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांनी काढलेला मागवा. प्रायोजकाच्या ऑफिसात तो असतोच, फक्त तिथल्या ज्या माणसाला माहीत असतं त्याच्यापर्यंत पोहोचावं लागतं.

याच जातीचा आणखी एक चौकोन ड्रॉप शॅडोभोवती येतो. सावली आरजीबी वस्तूची आणि खाली सीएमवायके असं मिश्रण असलं की पारदर्शक भाग खालच्या रंगात मिसळून सपाट होताना सीमा उमटते. सगळं एकाच पद्धतीत आणलं की जाते. फाइलमध्ये कुठे आरजीबी लपलंय हे शोधायला कोरलची डॉक्युमेंट प्रॉपर्टीजची खिडकी उघडा. भरलेल्या आणि कडेच्या रंगांची पद्धत, चित्रांची पद्धत, फॉन्ट, सगळी जंत्री तिथे मिळते. सपाट रंग एकदम बदलायचे तर फाइंड अँड रिप्लेसमध्ये कलर मॉडेल बदलायची सोय आहे. बदलल्यावर महत्त्वाचे दोन-तीन रंग परत हाताने बघा. मशीनने केलेला बदल म्हणजे पुन्हा तोच ८८-७७.

प्रोफाइलबद्दल थोडंच

प्रोफाइल म्हणजे कुठल्या मशीनवर आणि कागदावर कुठले आकडे कसे दिसतील याचा तक्ता. यावर लोक तासन्‌तास भांडतात. कामापुरतं एवढंच: 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' यांत गल्लत करू नका. असाइन केलं की आकडे तसेच राहतात, फक्त स्क्रीनवरचं दिसणं बदलतं. कन्व्हर्ट केलं की दिसणं राखण्यासाठी आकडे बदलतात. ग्राहकाने दिलेल्या सीएमवायके फाइलवर दुसऱ्या प्रोफाइलसाठी कन्व्हर्ट मारलं की त्यातला शुद्ध काळा मजकूर चार रंगांचा होतो आणि सायन शून्य असलेल्या भगव्यात सायन शिरतो. तो भगवा मळण्याचं हे दुसरं कारण. फोटो आरजीबीतून सीएमवायकेत आणताना एकदाच कन्व्हर्ट करा, तोही प्रेसने सांगितलेल्या प्रोफाइलला. त्यांनी काही सांगितलं नाही तर मी आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ धरतो. फोटोशॉप नवीन टाकल्यावर जे अमेरिकन स्वॉप प्रोफाइल आपोआप असतं, ते तिकडच्या वेब मशीनसाठी, म्हणजे कागदाच्या रोलवर छापणाऱ्या मशीनसाठी बनवलेलं आहे. सुट्या शीटवर छापणाऱ्या आपल्या शीटफेड ऑफसेटशी त्याचा संबंध नाही, तरी आपल्याकडचे निम्मे कॉम्प्युटर आजही त्यावरच चालतात.

फोटो फुटला

इथे गणित सोपं आहे आणि तरी चुकतं. इंचाला दीडशे ओळींच्या ठिपक्यांच्या जाळीवर (छपाईत हिलाही स्क्रीन म्हणतात) छापायचं तर प्रत्यक्ष आकारात ३०० पिक्सेल प्रति इंच लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. पाव पानाच्या फोटोला भरपूर, पूर्ण पानाला अपुरा, डबल स्प्रेडला तर बोलायलाच नको. फोटोशॉपमध्ये आकडा ७२ चा ३०० करून रीसॅम्पल मारलं तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. पाण्याने दूध वाढवण्यातला प्रकार. मंडळाच्या ग्रुपवर मी एकच ओळ पाठवतो: "फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, गॅलरीतून नको."

फोटो चांगला असूनही सावली किंवा चमक दाणेदार आली, तर ती भानगड वेगळी. कोरलमध्ये नवीन फाइल उघडताना रेंडरिंग रिझोल्युशन विचारतात. कुणी वेबसाठीचं तयार सेटिंग निवडलं असेल तर तिथे कमी आकडा बसतो, आणि सगळ्या सावल्या, लेन्स, पारदर्शक इफेक्ट त्याच मापात बनतात. लेआउटमधून डॉक्युमेंट ऑप्शन्समध्ये जाऊन तो ३०० करा. फाइल अर्धी झाल्यावरही चालतं.

जुन्या अहवालातून स्कॅन केलेल्या फोटोवर जाळीसारखे चौकडे येतात, तो मोआरे. छापलेल्या फोटोत आधीच ठिपके असतात, त्यावर नवीन ठिपके बसले की नक्षी तयार होते. स्कॅन करतानाच डिस्क्रीन लावा. नंतर ब्लर करून ते नीट जात नाही, चेहरा तेवढा जातो.

आणि पट्टे. पूर्ण पानभर फिकट निळ्यापासून जरा कमी फिकट निळ्यापर्यंतचा ग्रेडियंट केला की पायऱ्या दिसतात. का, ते मोजून बघा. शून्य ते शंभर टक्क्यांत २५६ पायऱ्या असतात. तुम्ही फक्त १० टक्के ते २० टक्के एवढाच प्रवास केलात तर वाट्याला आल्या पंचवीस. दहा इंचांत पंचवीस, म्हणजे एक सेंटिमीटरची एक पायरी, ती दिसणारच. ग्रेडियंट फोटोशॉपमध्ये करून त्यावर अगदी किंचित नॉइज टाका, पायऱ्या विरतात.

कर्व्ह केल्यावर शिरोरेषेत भोकं

याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं सापडत नाही, कारण हे दुखणं आपल्याच लिपीचं. प्रेसवाला म्हणतो, "कर्व्ह करून द्या." म्हणजे अक्षरं फॉन्टपासून सोडवून त्यांचा नुसता आकार बनवा. बरोबरच म्हणतो. त्याच्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटेल. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर नक्कीच. मग आपण कंट्रोल-क्यू मारतो, घाईत सगळं एकत्र करतो आणि पाठवतो. छापून येतं तेव्हा मोठ्या शीर्षकात दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेषेत केसाएवढी पांढरी चीर.

देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून एका अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. कर्व्ह होऊन सगळी अक्षरं एकाच वस्तूत गेली की जिथे रेघेवर रेघ पडते ती जागा सॉफ्टवेअर भोक समजतं, जसं 'व'च्या पोटातलं भोक. पूर्ण पान बघताना ते दिसत नाही. १६०० टक्के झूम केलं तर दिसतं.

कोरलमध्ये वस्तूच्या प्रॉपर्टीजमधल्या फिल विभागात फिल वाइंडिंगचं बटण आहे, ते दाबलं की अशी चढलेली जागा भरली जाते. दाबल्यावर अक्षरांची पोटं उघडी राहिलीत ना, ते बघा. शीर्षक मोठं आणि महत्त्वाचं असेल तर मी दुसरी वाट धरतो. जुन्या फॉन्टमधला आर्टिस्टिक मजकूर कंट्रोल-के मारून अक्षरागणिक सुटा करायचा, मग कर्व्ह करायचा आणि शेवटी वेल्ड. कंबाइन (नुसतं एकत्र करणं) नव्हे, वेल्ड (आकार एकजीव करणं). युनिकोड मजकूर मात्र अक्षरागणिक तोडू नका, जोडाक्षरं विस्कटतात. तो शब्दापर्यंतच सुटा करा. आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. पत्रिकेत मामांचं नाव हमखास शेवटच्या क्षणी बदलतं.

पीडीएफ पाठवताना

प्रेसने काही खास मागितलं नसेल तर मी पीडीएफ/एक्स-१ए निवडतो. त्यात आरजीबी राहू शकत नाही, पारदर्शकता सपाट होते, फॉन्ट आत बसतात. भोळं आणि जुनं आहे, पण रात्री अकराला सीटीपीवर, म्हणजे प्लेट काढायच्या मशीनवर बसलेल्या मुलाला कमी प्रश्न पडतात. फक्त हे करायच्या आधी रंग स्वतः बदलून घ्या, नाहीतर तो बदल पीडीएफ करतानाच होईल आणि पुन्हा आमच्या वांग्यापाशी याल. काँप्रेशनमध्ये जेपीजीची गुणवत्ता सर्वोच्च, डाउनसॅम्पल ३०० च्या खाली नाही, ब्लीड (कापायच्या रेषेबाहेरचा जादा भाग) तीन मिलिमीटर. मजकूर कडेपासून पाच मिलिमीटर आत.

फाइल बरोबर, तरी रंग वेगळा

कागद बदलला का विचारा. तीच फाइल आर्ट पेपरवर टवटवीत आणि मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचमकीच्या कागदावर मलूल येते, कारण मॅपलिथो शाई पितो आणि ठिपका फुगतो. मधले टोन गडद होतात. मॅपलिथोसाठी फोटो मुद्दाम थोडे उजळ करून द्यावे लागतात. मॅट लॅमिनेशन गडद रंगांची धार मारतं, ग्लॉस ती वाढवतं. लॅमिनेशन न केलेल्या शीटवर होकार देऊन मग मॅट झाल्यावर नाराज होणारे ग्राहक मी पाहिलेत, त्यांतला एक मीच.

स्वस्तातली व्हिजिटिंग कार्डं बहुतेकदा गँगमध्ये छापली जातात. एका मोठ्या शीटवर वीस-पंचवीस जणांची कार्डं. तुमच्या कार्डाचा निळा सुधारायचा तर शेजारच्या मिठाईवाल्याचा पेढा हिरवा होईल, म्हणून कुणी हात लावत नाही. रंग नाजूक असेल तर गँगमध्ये टाकू नका, आणि टाकलंत तर भांडू नका.

शिवाय उजेड. प्रूफ ट्यूबलाइटखाली एक दिसतं, पिवळ्या बल्बखाली दुसरंच. छपाईत ५००० केल्विनचा उजेड प्रमाण मानतात. आपल्याकडे तो दिवा नसतो, पण दुपारची सावलीतली खिडकी असते. दोन प्रती शेजारी ठेवून तिथेच बघा.

फ्लेक्सचं वेगळं. तिथे ३०० चा हट्ट धरू नका. दहा फुटी बॅनर प्रत्यक्ष मापात ७२ ला केला तरी रुंदी ८६४० पिक्सेल होते, चौकात उभं राहून बघणाऱ्याला पुरून उरतं. सगळ्या फ्लेक्सभर समान अंतरावर आडवे पट्टे आले तर ते शाई फेकणारं हेड तुंबल्याचं किंवा हेडच्या कमी फेऱ्यांत (पासवर) घाईत छापल्याचं लक्षण, डिझाइनचा दोष नाही. हातभर तुकडा आधी छापून मागा.

घरच्या इंकजेटवर रंग लालसर येत असेल तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर दोघंही रंग सुधारत असतात, एकाच भाजीत दोघांनी मीठ टाकावं तसं. दोघांपैकी एकाचंच कलर मॅनेजमेंट चालू ठेवा, कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये खरा निवडा, आणि त्याआधी नोझल चेक काढा. या प्रिंटवर बघून ऑफसेटचा रंग ठरवू नका.

त्या जांभळ्या कव्हरनंतर मी एक गोष्ट सुरू केली. मोठं काम असलं आणि शीटच्या कडेला कापून टाकायची जागा उरत असली की मशीनमनला विचारून तिथे माझे पाच-सहा चौकोन टाकतो. दोन-तीन निळे, दोन भगवे, एक मरून. प्रती कापून झाल्या की ती पट्टी मागून आणतो, मागच्या बाजूला बॉलपेनने आकडे आणि कागद लिहितो. आता टेबलाच्या काचेखाली आर्ट पेपरची एक रांग आहे, मॅपलिथोची एक, मॅट लॅमिनेशनची एक. मंडळाची पोरं येतात, मोबाईल पुढे करून म्हणतात, "असा निळा पाहिजे." मी मोबाईल बाजूला ठेवायला सांगतो आणि म्हणतो, काचेवर बोट ठेव.